गॅसची शेकोटी आणि आगटीचा खड्डा

पहाटे गोधडीतून पाय बाहेर काढला आणि फरशी चावली, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. थंडी आली. वरकुट्याच्या आमच्या रानात ती आधी पायांना कळते, मग नाकाला. नाकाला दोन वास एकदम येतात. एक कारखान्याच्या बाजूनं येणारा मळीचा, गोडसर आणि कुजकट. दुसरा ज्वारीच्या हिरव्या ताटांचा, दाण्यात दूध भरत आलेल्या कणसांचा. ह्या दुसऱ्या वासानं माझा जीव लहानपणापासून हरखत आलाय. यंदा मात्र तो आला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. त्या वासामागोमाग गेल्या वर्षीची थंडी येते आणि ती आली की मला राग येतो. कुणाचा, ते सांगायलाच बसलेय.

माझं माहेर पणदरं. आमच्या वडिलांना हुरड्याचं वेड होतं. वेड म्हणजे काय, तर कणसं कोवळी असली की माणूस घरात जेवायचाच नाही. बांधाच्या आडोशाला ते स्वतः खड्डा घ्यायचे, हातभर खोल, परातीएवढा गोल. आमच्याकडं त्याला आगटी म्हणतात. त्यात गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, जाळ होऊन जाऊ द्यायचा, आणि खाली लालभडक विस्तव राहिला की त्याच्या पोटात कणसं खुपसायची. जाळावर नव्हे, विस्तवावर. जाळावर भाजलेला हुरडा बाहेरून काळा आणि आतून कच्चा, असं वडील म्हणायचे. गरम कणीस तळहातावर चोळलं की हिरवे दाणे निघायचे, वाफ निघायची, हात भाजायचे, आणि तरी कुणी हात मागं घ्यायचं नाही. लसणाची चटणी, गूळ, शेंगा. सगळी आगटीभोवती गोल बसायची, थंडी जास्त असली की पाय खड्ड्याच्या काठावरून आत सोडून. पाठीला गार वारा आणि नडग्यांना ऊब. ती ऊब मला अजून आठवते, पुस्तकात वाचलेलं कुठलंच वाक्य तसं आठवत नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं जे वाचलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचलं. त्यामुळं मला एक खोड लागली. जे वाचून कळलं नाही ते अंगावर घेऊन शिकायचं, आणि एकदा शिकलं की ते कायमचं खरं मानायचं. विस्तवाबद्दल मी जे शिकले ते असं: विस्तवाची जागा जमिनीत. खड्ड्यातला विस्तव वाऱ्याला सापडत नाही, ठिणगी उडत नाही, लेकरू धडपडलं तरी आधी काठाला अडतं, आणि उठताना वर माती लोटली की गुमान विझतो. पन्नास वर्षं हे खरं होतं. पन्नास वर्षं खरं असलेलं माणूस तपासून बघतं होय?

सुनील, माझा मुलगा, चार-पाच वर्षांपासून थंडीत रानात हुरड्याला माणसं बोलावतो. पुण्याची, बारामतीची, गाड्या घेऊन येतात. कुणी लेकरांना घेऊन येतं, कुणी ऑफिसातली सगळी टोळी. सून वैशाली पिठलं-भाकरी बघते, आणि आगटी तात्यांकडं. तात्या माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. सगळ्या गावाचे ते तात्या, म्हणून मीही तात्याच म्हणते. आगटीवर त्यांचा हात असा की कणसाकडं न बघता, नुसत्या तडतडण्यावरून ते सांगतात की झालं. पाहुणे त्यांचे फोटो काढतात. तात्या फोटोला हसत नाहीत, पण दाढी मात्र शनिवारी करून ठेवतात.

तक्रार धुराची होती. ऊन कलल्यावर पाहुण्यांना शेकत बसायला आवडतं, आणि लाकडाची शेकोटी केली की धूर नेमका ज्याचा शर्ट पांढरा त्याच्याकडं जातो. एक बाई डोळे पुसत सुनीलला म्हणाल्या, रिसॉर्टमध्ये गॅसवरची असते, धूर नाही, राख नाही, बटण फिरवलं की झालं. झालं म्हणजे झालंच. पुढच्या आठवड्यात टेम्पोतून खोकं उतरलं.

खोक्यात लोखंडाचं एक पसरट भांडं निघालं, चार बुटके पाय असलेलं. त्यात गोल बर्नर, त्यावर पसरायला काळे, भोकाभोकांचे हलके दगड, एक लांब नळी, रेग्युलेटर, आणि एक जाड पुस्तिका. पुस्तिका इंग्रजीत. सुनीलनं ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढली नाही. कपाटाच्या खणात टाकली आणि मोबाईल उघडला.

"अरं, आधी ते वाच," मी म्हणाले.

"आई, ह्यात सगळं दाखवत्यात," मोबाईल हलवत तो म्हणाला. "दहा मिनिटाचं काम हाय."

ह्या 'दहा मिनिटाच्या कामा'वर माझा जुना राग आहे. आमच्याकडं माणूस विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडी ठेवून 'काय होतंय' म्हणतो, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लेकराला बसवून 'काय होतंय' म्हणतो. काही झालं नाही की त्याला वाटतं आपलं बरोबर होतं. आणि झालं की म्हणतो, नशीब. चूक आणि नशीब ह्या दोन शब्दांमधलं अंतर आमच्या लोकांनी कधी मोजलंच नाही.

पहिलं भांडण जागेवरून झालं. पाहुण्यांना बसायला उसाच्या पाचटानं शाकारलेला मांडव आहे. सुनीलनं शेकोटी थेट त्याच्या मधोमध ठेवली. फोटो चांगला येतो म्हणे.

"पाचट हाय ते," मी म्हणाले. "काडी ओढायची खोटी की पेटतंय."

"ह्यात ठिणगीच न्हाय आई. ठिणगी लाकडाची उडती. ह्यो गॅस हाय."

"धग तर हाय ना?"

"धग काय, वर जाती."

"आणि वर काय हाय?"

त्यानं वर बघितलं. वर पाचटच होतं. तरी तो दीड दिवस कबूल झाला नाही. शेवटी वैशालीनं तोंड घातलं, "आत्या म्हणत्यात ते बरोबर हाय, मी ह्याखाली भाकरी थापायला बसणार न्हाय." वैशाली माझ्या भावाचीच लेक, म्हणून आत्या म्हणते. मग शेकोटी मांडवातून निघून उघड्यावर आली, मांडवापासून वीसेक पावलं.

दुसरं भांडण दगडांवरून. ते काळे दगड सुनीलला दिसायला कमी वाटले. तो भीमेच्या पात्रातून गुळगुळीत गोटे घेऊन आला, पांढरे, तांबूस, अंड्यासारखे. दिसायला देखणे, नाही म्हणत नाही. पण नदीचा गोटा चुलीला लावत नाहीत हे आमच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला विचारा. वर्षानुवर्षं पाण्यात पडलेल्या दगडाच्या पोटात पाणी मुरलेलं असतं, ते तापलं की दगड फुटतो आणि चिपा उडतात. ऐकेना. मग मी त्यातला एक उचलला, चुलीत सारला आणि सगळ्यांना स्वयंपाकघराच्या बाहेर उभं केलं. थोड्या वेळानं फट् झालं. सुनील मुकाट्यानं गोटे उचलून पेरूच्या आळ्याभोवती लावून आला.

तात्या हसले. "वहिनीसंगं जाळाचं बोलायचं न्हाय, सुनील."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माणसाचं दोनदा बरोबर निघालं की तिसऱ्यांदा त्याला कुणी विचारत नाही, आणि ते स्वतःलाही विचारत नाही.

तिसरी अडचण वाऱ्याची. उघड्यावर आणली खरी, पण माळाचा वारा. सुनीलनं दोनदा पेटवली, दोनदा फडफडून विझली. तो कंबरेवर हात ठेवून उभा. मी विहिरीकडून येत होते, कडेवर घागर होती. चालता चालताच म्हणाले, "आगटीच्या खड्ड्यात ठिव की. वारा लागायचा न्हाय आणि लेकरंबी धडपडायची न्हाईत."

एवढंच. घागर खाली ठेवायलाही थांबले नाही.

पाचटाचं ऐकायला त्याला दीड दिवस लागला होता. हे त्यानं अर्ध्या मिनिटात ऐकलं. तात्यांनीही मान हलवली, कारण त्यांनाही ते पटलं. जाळ जमिनीत असावा, हे त्यांच्याही हाडात बसलेलं. तात्यांनी मोठी आगटी अजून थोडी खांदून दिली, काठ चोपून दिले, आणि ते लोखंडाचं भांडं पायांसकट आत उतरलं. वरून बघितलं तर इतकं शोभून दिसत होतं, की मला वाटलं ही वस्तू करणाऱ्यालाच अक्कल नाही, त्यानं पाय दिलेच कशाला.

आता ह्या थंडीत मी त्या क्षणाशी पुन्हा पुन्हा जाऊन भांडते. माझी चीड अशी आहे, की जे ऐकायला पाहिजे होतं ते मी घसा कोरडा करून सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. आणि जे ऐकायला नको होतं, ते चालता चालता टाकलेलं वाक्य, सगळ्यांनी झेललं. म्हातारं माणूस बोलत राहतं, बोलत राहतं, आणि त्यातलं नेमकं कुठलं वाक्य घरात उभं राहील हे त्याच्या हातात नसतं.

त्या दिवशी शनिवार. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, त्यात लेकरं बरीच. म्हणून चारच्या सुमाराला एकदा पेटवून बघायचं ठरलं. सिलिंडर लांब, लिंबाच्या बुंध्याशी उभा होता, तेवढं बरं होतं. नळी जमिनीवरून खड्ड्यात गेलेली. सुनीलनं पेटवली. काळ्या दगडांतून जाळ वर आला असणार. असणार म्हणते, कारण भर उन्हात गॅसचा जाळ दिसतच नाही. हात नेला तर धग लागते, डोळ्याला काही नाही. लाकडाचा जाळ कसा, विझताना धूर सोडतो, कुरकुरतो, राख पांढरी पडते. तो सांगून जातो. हा सांगून जात नाही. मधेच वाऱ्याचा झोत आला आणि तो विझला, आणि आम्ही चौघं तिथं असून एकालाही कळलं नाही.

तात्या सवयीनं काठावर बसले होते, पाय आत सोडून. थोड्या वेळानं ते म्हणाले, "धग कमी झाली रं. आणि वास येतोय का कसला?"

सुनील वाकला, बघितलं. "विझली वाटतं. नवीन हाय तात्या, पहिल्यांदा वास येतोच."

आणि त्यानं लायटर दाबला. नॉब चालूच होता.

आवाज मोठा नव्हता. गोणपाट झटकल्यासारखा. पण खड्डा सगळाच्या सगळा, काठोकाठ, एकदम निळा झाला आणि मग पिवळा, आणि तात्यांचे पाय त्याच्यात होते. ते मागं पडले. सुनीलच्या भुवया गेल्या, हातावरची लव गेली. तात्यांचं धोतर गुडघ्याखाली पेटलं होतं, ते सुनीलनं दोन्ही हातांनी चोळून विझवलं. वैशाली भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी लिंबाकडं पळाली आणि तिनं रेग्युलेटर बंद केला. पहिलं शहाणपणाचं काम तिनं केलं. मी काय केलं? मी उभी होते.

शेजारच्या रानातली माणसं धावली. एकीनं टूथपेस्ट आणली, एकानं तूप. वैशालीनं कुणालाच हात लावू दिला नाही. तिनं तात्यांना टाकीच्या नळाखाली बसवलं आणि दोन्ही नडग्यांवर पाणी सोडलं, सोडत राहिली. "थंडीनं मारती का मला," तात्या दात वाजवत म्हणाले. "गप बसा," ती म्हणाली, आणि घड्याळाकडं बघत वीस मिनिटं तिनं नळ बंद केला नाही. मग स्वच्छ कापड गुंडाळून इंदापूरच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, पाणी घातलंत म्हणून एवढ्यावर निभावलं. तरी एवढं म्हणजे सगळी थंडी. एक दिवसाआड पट्टी बदलायची, आणि पट्टी सुटताना तात्या छताकडं बघत कुठल्या तरी जुन्या कुस्तीची गोष्ट सांगायचे, म्हणजे आम्हाला त्यांच्या तोंडाकडं बघायला लागू नये. दुसऱ्या दिवशीचे पाहुणे फोनवरूनच माघारी गेले. रानात कणसं भरून, वाळून, कडक झाली. त्या वर्षी आमच्या घरात कुणी हुरडा खाल्ला नाही.

चार दिवसांनी गॅस एजन्सीचा माणूस बघायला आला. शांत गृहस्थ. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला, आत बघितलं आणि हात लावला नाही.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो," तो म्हणाला. "धूर वर जातो, हा खाली बसतो. पाण्यासारखा. सखल जागा दिसली की तिथं जाऊन साचतो. म्हणून त्या भांड्याला पाय दिलेत, म्हणजे खालून वारा खेळला पाहिजे, गळला तरी उडून गेला पाहिजे. तुम्ही त्याला विहिरीत ठेवला." मग त्यानं मान वर केली. "खड्ड्यात बसवायला कुणी सांगितलं?"

सुनील म्हणाला, "मीच."

मी तिथंच होते. चार हातांवर. तात्या बाजेवर होते, पाय उशीवर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग लिंबाकडं बघितलं.

पाणी सखलाकडं जातं हे मला कुणी शिकवायला नको. जन्मभर उसाला पाण्याची दारं धरली मी, कुठला वाफा दोन बोटं खाली आहे हे अंधारात पायानं सांगेन. गॅसही तसाच वाहतो हे मला ठाऊक नव्हतं, हा गुन्हा नाही. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखं बोलले, हाही एकवेळ चालेल, सगळेच बोलतात. पण त्या माणसानं विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तोंड उघडायचं नव्हतं तेव्हा उघडलं, आणि उघडायचं तेव्हा मिटलं.

मग माझा भाऊ आला, पणदऱ्याहून. वैशालीचा बाप. सगळे त्याला आबा म्हणतात. तात्यांना बघायला म्हणून आला आणि सुनीलला धरून बसला.

"खड्ड्यात गॅस लावायला अक्कल कुठं गहाण ठिवलीवती, जावईबापू? मोबाईल बघून शेती करा एकवेळ, गॅस नका जोडू. माझी लेक हाय ह्या घरात."

सुनील खाली बघत होता. आणि मी चहा गाळत होते. इतक्या सावकाश मी आयुष्यात चहा गाळला नसेल. आबा नंतर सणाला आला तरी तेच, लग्नात भेटला तरी तेच. चार माणसांत हसून म्हणायचा, "आमच्या जावयाला इचारा, खड्ड्यातली शेकोटी." माणसं हसायची. सुनीलही हसायचा. घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं ते वाक्य कुणाचं, पण एकानंही मला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. हे जमेना.

उन्हाळ्यात एक दिवस कपाट आवरताना ती पुस्तिका हाताला लागली. प्लास्टिक तसंच. फाडलं. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रांना भाषा लागत नाही. तिसऱ्याच पानावर होतं: जमिनीत खड्डा, खड्ड्यात ते भांडं, आणि वर मोठी तांबडी फुली. बाजूला छपराखाली भांडं, फुली. पुड्यांचे कागद सोडवून वाचणारी बाई मी. घरात आलेलं पुस्तक, तेही चित्रांचं, मी उघडलं नाही. सुनीलला 'वाच' म्हणाले, आणि माझं काम झालं असं समजले. मग वैशालीला बसवून अक्षर न् अक्षर वाचून घेतलं, आणि जे कळलं ते चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून काढलं.

यंदा थंडी आली तेव्हा सुनील शेकोटी काढायला तयार नव्हता. मीच काढायला लावली. घाबरून अडगळीत टाकलेली वस्तू पुढं कुणीतरी अडाणी माणूस काढतंच, त्यापेक्षा आपण शिकावं. उघड्या आभाळाखाली, फरशीचा सपाट चौथरा केला. त्याच्यावर भांडं, पायांवर उभं. वाऱ्यासाठी एकाच बाजूला कंबरेएवढा आडोसा, तोही लांब आणि खालून मोकळा. सिलिंडर उभा, नळी पुरेल तितका लांब, नळी पायात येणार नाही अशी. पेटवायच्या आधी दर वेळी मी वाटीत साबणाचं पाणी करते आणि जुन्या ब्रशनं प्रत्येक जोडावर लावते. बुडबुडा आला की आजची शेकोटी रद्द. सुनील आधी लायटर पेटवतो, मग नॉब फिरवतो. विझली तर आधी सिलिंडर बंद, मग माझं घड्याळ, पाच मिनिटांच्या जागी दहा, मग पुन्हा. पेटलेली असताना एक माणूस तिथून हलत नाही. उन्हात पेटवायचीच नाही, अंधारून आल्यावर, म्हणजे जाळ डोळ्याला दिसतो. पाहुणे कंटाळतात. "काकू, काही होत नाही हो," असं एक जण परवा म्हणाला. त्याला मी तात्यांकडं पाठवलं. तात्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि काही न बोलता त्याला कणीस दिलं. त्यांच्या नडग्यांवर आता कातडी गुलाबी आणि चकाकती आहे, केस उगवत नाहीत. थंडीत तिथं ओढल्यासारखं होतं म्हणतात. ते आता काठावर बसत नाहीत, पाटावर बसतात, पाय पोटाशी घेऊन. ते बसणं बघितलं की मला कणीस गोड लागत नाही.

मागच्या रविवारी आबा आला. बरोबर पिंपळीचे एक ओळखीचे गृहस्थ, त्यांनाही रानात पाहुण्यांचं सुरू करायचंय. शेकोटी त्यांनी आणून ठेवलीय, जोडायची राहिलीय. सुनील चौथऱ्यापाशी त्यांना दाखवत होता.

"आमीबी जागा करून ठिवली, सुनीलराव," ते म्हणाले. "चांगला गुडघाभर खड्डा घेतलाय. वाऱ्याचा तरास नको."

सुनील बोलायला लागला, "खड्ड्यात न्हाय ठिवायची. गेल्या साली आमच्याकडं..."

"ह्याला इचारा, ह्याला," आबा हसत मधे पडला. "आमचा जावई त्या खड्ड्यातला पदवीधर हाय. काकाचं पाय भाजलं तवा पास झाला."

पिंपळीचे गृहस्थ हसले. सुनीलनंही हसायला तोंड उघडलं, सवयीनं.

"खड्ड्यात ठिवायला मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

आबाला वाटलं मी लेकाला पाठीशी घालते. "अगं जाऊ दे अक्का, आई म्हणून तू..."

"आई म्हणून न्हाय. कडंवर घागर होती माझ्या. चालता चालता सांगितलं, आगटीत ठिव. तात्या हुतं, वैशाली हुती. इचार त्यांना. वरीस झालं तू त्याला चार माणसांत बोलतोस, आणि मी चहा गाळती."

आबानं तात्यांकडं बघितलं. तात्या कणीस चोळत होते. त्यांनी मान हलवली, हो म्हणून, आणि चोळत राहिले.

"नॉब चालू ठिवून लायटर मी दाबला," सुनील म्हणाला. "ते माझंच."

"ते तुझं," मी म्हणाले. "खड्डा माझा."

पिंपळीच्या गृहस्थांना कुठं बघावं कळेना. शेवटी त्यांनीच विचारलं, "मग आता त्यो खांदलेला खड्डा काय करू?"

"हुरडा भाजा त्यात," तात्या म्हणाले.

आबा उठला. मला वाटलं निघाला. तो चौथऱ्यापाशी गेला, सिलिंडरपासून भांड्यापर्यंत नळीच्या कडेकडेनं पावलं मोजत चालला, वाकून जोड बघितला, आणि सुनीलला म्हणाला, "ही नळी किती फुटाची घेतलीस? आणि ह्यो जोड, हितं, कसा तपासायचा?"

वर्षभरात त्यानं सुनीलला असं काही विचारलं नव्हतं. सुनील त्याच्याजवळ जाऊन खाली बसला आणि सांगायला लागला, एकेक जोड बोटानं दाखवत. दोन ठिकाणी मला वाटलं की अजून एक गोष्ट सांगायची राहिलीय. मी बोलले नाही.